बालेवाडीचा एक दिवस

कोणत्याही स्पर्धेची बातमी वाचताना आपली नजर प्रथम विजेत्याच्या नावाकडे जाते. वर्तमानपत्रात छायाचित्र त्याचे, हाती चषक त्याच्या, आणि चार लोकांच्या तोंडी नावही त्याचेच. जो हरला त्याचे नाव कोठेतरी बारीक अक्षरांत असते. तेही तो अखेरच्या सामन्यात हरला असेल तर. त्याच्या आधी जे हरले, त्यांची कोणी मोजदादही करीत नाही. परंतु मैदानावर प्रत्यक्ष जाऊन बसणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्याच अंतरावरून दिसतात. जिंकणारा जेवढा दिसतो, तेवढाच हरणाराही दिसतो. नांदेडच्या एका कुटुंबाला ही गोष्ट ५ जानेवारी २०१९ रोजी पुण्यास कळून आली.

पुण्याच्या वेशीवर म्हाळुंगे-बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते उभारले गेले. पुढे २००८ साली राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धाही तेथेच भरल्या. व्यावसायिक टेनिसपटूंची एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा पूर्वी चेन्नईला होत असे. ती २०१८ साली ह्या संकुलात आली आणि ‘टाटा ओपन महाराष्ट्र’ ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. महामारीमुळे हुकलेले २०२१ हे एक वर्ष सोडले, तर २०२३ पर्यंत ती पुण्यास भरत राहिली. जगभरचे नामांकित खेळाडू त्या निमित्ताने आपल्या महाराष्ट्रात येऊन खेळून जात. स्पर्धेच्या दुसऱ्या वर्षीचा अंतिम सामना पाहण्याचा योग ह्या कुटुंबास आला.

अण्णांचे नांदेडच्या वजिराबादेत कापडाचे दुकान होते. घराणे मूळचे शेतकऱ्याचे. गावाकडे थोडी कोरडवाहू जमीन अजून होती. त्यांना दोन मुले. थोरली अक्का शिक्षणासाठी लातूरला राहत होती आणि धाकटा नांदेडच्या शाळेत सातवीत होता. लातूरचे नाव परीक्षांच्या निकालांमुळे राज्यभर झालेले. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द ऐकला नाही असे घर मराठवाड्यात विरळाच. गावोगावची मुले तेथे खोल्या घेऊन राहतात, पहाटे उठतात, रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली बसतात. अक्काही त्यांतलीच एक. २०१८ साली तिने वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दिली होती. गुण चांगले पडले. परंतु प्रवेशाची रेघ जेथे ओढली गेली, तिच्या ते थोडे अलीकडेच राहिले. तिने एक वर्ष थांबून पुन्हा अभ्यास आरंभिला. मात्र दिवाळीत घरी आली, तेव्हा ती फारशी बोलली नाही. ओळखीच्या कोणी “सध्या काय करतेस?” असे विचारले की ती आत निघून जाई. अण्णांच्या नजरेतून हे सुटले नव्हते.

मुलांचे मामा पुण्यात नोकरीला होते. टेनिस हा त्यांचा जुना छंद. त्यांनी अंतिम सामन्याची चार तिकिटे काढून ठेवली आणि अण्णांना निरोप धाडला, “पोरांना घेऊन या. एक दिवस पुस्तक मिटलं म्हणून काही बुडत नाही.”

शुक्रवारी संध्याकाळी अण्णा आणि धाकटा नांदेडहून पनवेलच्या गाडीत बसले. रात्री गाडी लातूरला पोहोचली, तेव्हा फलाटावर शाल गुंडाळून अक्का उभी होती. खेळ पाहण्यास निघालेल्या त्या मुलीच्या पिशवीत जीवशास्त्राचे जाडजूड पुस्तक होते. सकाळी पुणे येईपर्यंत तिने ते दोनदा उघडले आणि दोनदा मिटले.

बालेवाडीस पोहोचल्यावर धाकट्याचे डोळे विस्फारले. टेनिसचे मैदान त्याने केवळ चित्रातच पाहिले होते. चित्रात ते मोठे भासते. प्रत्यक्षात त्याची लांबी ७८ फूट आणि एकेरीच्या खेळासाठी रुंदी अवघी २७ फूट. निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषा लख्ख उठून दिसत होत्या. मध्ये जाळी, तिची उंची मध्यभागी केवळ तीन फूट. “एवढ्याशा अंगणात मोठी माणसं खेळणार?” धाकट्याने विचारले. मामा हसून म्हणाले, “अंगण छोटं आहे खरं, पण ते एकट्यानं राखायचं असतं. क्रिकेटमध्ये दहा सोबती असतात. इथं पाठीशी कोणी नाही.”

सामना सुरू होण्यास अवकाश होता. मामांनी स्पर्धेचा तक्ता दाखविला. एकेरीच्या मुख्य स्पर्धेत अठ्ठावीस खेळाडू होते. धाकट्याला गणिताची आवड. त्याने आपली वही काढली. मानांकित चौघांना पहिल्या फेरीत विश्रांती; म्हणून उरलेल्या चोविसांचे बारा सामने. मग सोळांचे आठ, आठांचे चार, चौघांचे दोन, आणि शेवटचा एक. त्याने बेरीज केली. “सत्तावीस सामने!” मग थोडा वेळ पेन्सिल तोंडात धरून तो म्हणाला, “म्हणजे मामा, एका आठवड्यात सत्तावीस जण हरणार आणि एकच जिंकणार?”

“बरोबर. प्रत्येक सामना एकाला बाहेर पाठवतो.”

“मग हरलेला माणूस कुठं जातो?”

मामांनी क्षणभरही विचार केला नाही. ते सहज म्हणाले, “पुढच्या गावाला.”

अक्काने पहिल्यांदाच मान वर केली.

मामांनी समजावून सांगितले. टेनिसपटूंचे जीवन फिरस्त्याचे असते. ह्या आठवड्यात पुणे, तर पुढच्या आठवड्यात आणखी कोठे. बहुतेकांचा मुक्काम आठवडाअखेरीपूर्वीच हलतो, कारण ते हरलेले असतात. सामान बांधायचे, विमान गाठायचे, नव्या गावी जाऊन सराव करायचा आणि पुन्हा पहिल्या फेरीपासून आरंभ करायचा. वर्षभर हेच चालते. जगातल्या उत्तम खेळाडूंच्या वाट्यालाही वर्षातल्या बहुतेक स्पर्धांत हारच येते. हरल्यावर जो सामान बांधून पुढच्या गावी जात नाही, त्याचा खेळ मात्र तेथेच संपतो.

इतक्यात टाळ्यांचा गजर झाला आणि दोन्ही खेळाडू मैदानावर आले. एक दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन, उंची सहा फूट आठ इंच. दुसरा क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच. तो तर त्याहूनही उंच, सहा फूट अकरा इंच! धाकट्याला हसूच फुटले. मामांनी सांगितले, “कार्लोविच एकोणचाळीस वर्षांचा आहे. १९७७ साली केन रोझवॉल अंतिम सामना खेळला, त्यानंतर एवढ्या वयाचा कोणी अशा स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलेलाच नाही.”

“आणि तो दुसरा?” अक्काने विचारले.

“अँडरसन? तो गेल्या वर्षी ह्याच मैदानावर अंतिम सामना हरला. फ्रान्सच्या जिल सिमोंनं त्याला हरवलं. त्याच्या आधी २०१७ साली अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो नदालकडून हरला होता. नंतर २०१८ च्या विम्बल्डनलाही अंतिम फेरी गाठली. उपांत्य सामना तर साडेसहा तासांहून अधिक खेळला, आणि शेवटी जोकोविचकडून हरला.”

“एवढ्या वेळा शेवटच्या पायरीवर?”

“हो. आणि ह्या वर्षी उपांत्य फेरीत समोर पुन्हा तोच सिमों आला. ह्या खेपेस अँडरसननं त्याला हरवलं.”

अक्का काही बोलली नाही. परंतु तेव्हापासून तिची दृष्टी मैदानावरून हलली नाही.

पंचांनी शांत राहण्याची सूचना केली आणि हजारो माणसे एकदम गप्प झाली. माळेगावच्या यात्रेतला कुस्त्यांचा फड धाकट्याने पाहिला होता. तेथे हलगी कडाडते, पागोटी उडतात, ज्याच्या-त्याच्या गावच्या मल्लाच्या नावाने आरोळ्या उठतात. येथे मात्र चेंडू उडविण्यापूर्वी टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी निःस्तब्धता. खेळाडूने चेंडू दोन-चार वेळा जमिनीवर आपटला, डाव्या हाताने उंच उडविला, आणि पुढच्याच क्षणी बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. चेंडू केव्हा गेला हे धाकट्याला दिसलेच नाही. समोरच्या खेळाडूच्या रॅकेटला त्याचा स्पर्शही झाला नव्हता. मामा कुजबुजले, “ह्याला एस म्हणतात. जगात आजवर सर्वांत जास्त एस मारलेत ते ह्या कार्लोविचनं.” ती मोजणी २०१९ सालची. पुढे २०२२ साली अमेरिकेच्या जॉन इस्नरने हा विक्रम मागे टाकला.

दूरचित्रवाणीवर जे दिसत नाही, ते येथे दिसत होते. जाळीच्या दोन्ही टोकांना आणि मैदानाच्या कोपऱ्यांत काही मुलेमुली गुडघ्यावर बसली होती. त्यांतली काही धाकट्याहून फार मोठी नसतील. चेंडू थांबला की ती हरणासारखी धावत, तो उचलून पुन्हा जागेवर जाऊन निश्चल बसत. रेषांवर नजर रोखून पंच वाकून उभे होते. पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर जुने चेंडू काढून नवे येत होते. आणि प्रत्येक गुणानंतर, तो मिळालेला असो की गमावलेला असो, दोघेही खेळाडू सारख्याच पावलांनी मागच्या रेषेकडे परत जात होते.

मधूनच एखादी सर्व्हिस जाळीत अडके किंवा रेषेबाहेर पडे. तेव्हा खेळाडू दुसरा चेंडू घेई. मामांनी नियम सांगितला: प्रत्येक गुणासाठी सर्व्हिसच्या दोन संधी मिळतात. पहिली चुकली तर दुसरी. मात्र दुसरीही चुकली तर गुण गेला. म्हणून पहिली सर्व्हिस जोराची असते. दुसरीचा वेग बहुधा थोडा कमी आणि सावधपणा अधिक.

अण्णा इतका वेळ स्वस्थ बसून पाहत होते. ते म्हणाले, “ही तर दुबार पेरणी झाली.”

धाकट्याला हसू आले. पण अण्णा गंभीरपणे बोलत होते. मृगाच्या पहिल्या पावसावर शेतकरी भरवशाने पेरतो. मग पाऊस ओढ देतो, कोंब करपून जातात. तेव्हा उसनवार करून बियाणे आणायचे आणि पुन्हा तिफण धरायची. दुसऱ्या खेपेस हातात बियाणे बेताचे असते, मनात धास्ती असते, आणि म्हणून मूठ जपून सुटते. “आमच्या वडलांनी किती वेळा दुबार पेरली, त्याची गणती नाही,” अण्णा म्हणाले. “काही साली ती साधली, काही साली तीही गेली. पण पहिली पेरणी वाया गेली म्हणून कुणी त्यांना शेतकरी नाही असं म्हटलं नाही.”

हे ते मैदानाकडे पाहतच बोलले. अक्काकडे त्यांनी वळूनही पाहिले नाही. पण तिने शालीचे टोक बोटाभोवती गुंडाळले, हे मामांनी पाहिले.

पहिला सेट सहा-सहा असा बरोबरीत आला. अशा वेळी टायब्रेक खेळतात; जो किमान दोन गुणांच्या आघाडीने प्रथम सात गुण मिळवील, त्याचा सेट. तो अँडरसनने ७-४ असा जिंकला. दुसरा सेटही सहा-सहा झाला. ह्या वेळी कार्लोविचने ७-२ असा धडाका लावला. एक-एक सेट झाला. तिसरा सेट सुरू झाला आणि तोही, पाहता पाहता, सहा-सहावर येऊन ठेपला. आता प्रेक्षकांत कोणी कोणाचा पक्षपाती राहिला नव्हता. ज्याला गुण मिळेल त्याला टाळ्या आणि ज्याचा गेला त्याच्यासाठी हळहळ. शेवटचा टायब्रेक ७-५ असा अँडरसनने जिंकला. गेल्या वर्षी जेथे तो हरला होता, त्याच मैदानावर त्याच्या नावापुढे विजेतेपद लागले.

दोघे उंच खेळाडू जाळीपाशी आले आणि त्यांनी हात मिळवले. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात; आणि त्या दोघांना सारख्याच मिळत होत्या.

धाकटा मात्र वहीत डोके खुपसून बसला होता. थोड्या वेळाने तो जवळजवळ ओरडलाच, “अक्का, हे बघ!” त्याने हिशेब मांडला होता. अँडरसनचे गेम सात, सहा आणि सात, एकूण वीस. कार्लोविचचे सहा, सात आणि सहा, एकूण एकोणीस. आणि तिन्ही टायब्रेकचे गुण? अँडरसनचे सात, दोन आणि सात, बेरीज सोळा. कार्लोविचचे चार, सात आणि पाच, बेरीज सोळाच!

अक्काने वही हातात घेऊन बेरीज पुन्हा करून पाहिली. ती चुकलेली नव्हती. “सोळाला सोळा,” ती हळूच म्हणाली. “मग तो हरला तरी कसा?”

मामांजवळ ह्या प्रश्नाचे उत्तर तयार नव्हते. उत्तर दिले ते अण्णांनी, आणि ते त्यांच्या दुकानातले होते. “पोरी, कापड कुठंतरी कापावंच लागतं. गिऱ्हाईक मागेल तिथं कात्री लावावी लागते. पण कात्रीच्या अलीकडचं कापड नि पलीकडचं कापड एकाच ताग्यातलं असतं. तुकडा इकडं आला म्हणून त्याचा पोत बदलत नाही.”

अक्का पुष्कळ वेळ त्या वहीकडे पाहत राहिली. मग तिने ती धाकट्याला परत दिली आणि म्हणाली, “हे पान फाडू नकोस.”

त्याच स्पर्धेत पुरुषांच्या दुहेरीचे विजेतेपद रोहन बोपण्णा आणि दिविज शरण ह्या भारतीय जोडीने मिळविले. बोपण्णा तेव्हा अडतीस वर्षांचा होता. आता किती दिवस खेळणार, असे त्याच्याविषयी अनेकांना वाटत असेल. तो पुढची गावे करीत राहिला आणि २०२४ च्या जानेवारीत, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मॅथ्यू एब्डनच्या साथीने ऑस्ट्रेलियन स्पर्धेचा दुहेरीचा विजेता झाला. त्याच सुमारास दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत तो पहिल्या स्थानावर पोहोचला.

कार्लोविचही पुण्याहून पुढच्या गावी गेला. बाराच दिवसांनी मेलबर्नला ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत जपानच्या निशिकोरीविरुद्ध तो पाच सेट लढला. पहिले दोन सेट गमावून त्याने पुढचे दोन जिंकले आणि पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये तो हरला. नांदेडला ती बातमी वाचून धाकट्याने ती वहीच्या त्याच पानावर खाली लिहून ठेवली.

त्या वर्षी अक्काने परीक्षा पुन्हा दिली. गुण वाढले, तरीही कात्री पलीकडेच लागली. ह्या खेपेस मात्र ती कोणापासून लपून बसली नाही. दोन दिवस तिला फार वाईट वाटले, आणि तिने ते बोलूनही दाखविले. तिसऱ्या दिवशी तिने लातूरच्या खोलीतले सामान बांधले, परभणीच्या कृषी विद्यापीठासाठी अर्ज भरला, आणि पावसाळ्यात ती तेथे रुजू झाली. माती, बियाणे आणि पाऊस हे विषय तिला घरचेच होते. आजोबांची दुबार पेरणी कशाने साधली असती, हे ती आता पुस्तकातून आणि शेतातून शिकू लागली.

२०२३ च्या जानेवारीत बालेवाडीच्या त्याच मैदानावर मानस धामणे हा पुण्याचा मुलगा मुख्य स्पर्धेत उतरला. वय वर्षे पंधरा. समोर अमेरिकेचा मायकल ममोह. मानस पहिल्याच फेरीत २-६, ४-६ असा हरला. धाकटा आता अकरावीत होता आणि नांदेडहून लातूरला शिकावयास आला होता. त्याच्याही टेबलावर आता जाडजूड पुस्तके होती. त्याने वर्तमानपत्रातील ती बातमी कापून परभणीला अक्काकडे पाठविली आणि खाली लिहिले, ‘आपल्या बालेवाडीत हा माझ्याहूनही लहान मुलगा हरला.’

अक्काचे उत्तर एका ओळीचे आले. ‘त्याचे पुढचे गाव कोणते, ते कळव.’